एलीने शमुवेलाला परत का पाठवलं?

आजचा शास्त्रभाग: १ शमुवेल ३:१-१८
सोबत वाचा: २ तीमथ्य २:२



मागच्या रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एका मुलीने मला गाठलं. ती यंदा नववीत जाणार. तिच्या शाळेत जूनपासून ‘ताई-दादा’ उपक्रम सुरू होतोय. नववीच्या प्रत्येकाकडे पाचवीतलं एक लेकरू सोपवायचं. दर शनिवारी एक तास त्याच्यासोबत बसायचं, अभ्यासात मदत करायची, एखादं वचन मिळून वाचायचं आणि प्रार्थना करायची. ती म्हणाली, “ताई, मी तिला काय शिकवू? मलाच बायबल धड येत नाही.”

मी पटकन म्हणाले, “अगं, तू छान करशील. फक्त चांगलं उदाहरण ठेव.”

वाशीहून लोकलने सीवूड्सला येईपर्यंत ते उत्तर मलाच टोचायला लागलं. कारण नववीत असताना मीही कुणाची तरी ताई होते आणि मी उदाहरण फारच चांगलं ठेवलं होतं. इतकं चांगलं, की माझ्याकडे सोपवलेली मुलगी त्यात कुठे दिसतच नव्हती.

म्हणून आजचं मनन तिच्यासाठी. आणि संडे स्कूलमध्ये, युथ ग्रुपमध्ये, शाळेत किंवा घरी कुणाचे तरी ताई-दादा असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

माझी बक्षीस मिळालेली वही

आमच्या शाळेतही असाच शनिवारचा तास असायचा. माझ्या वाट्याला आलेली मुलगी त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या गावाहून नवी मुंबईत आली होती. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये कामाला. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आणि ती चौथीपर्यंत मराठीत शिकलेली. वर्गात ती तोंड उघडायचीच नाही. माझ्यासमोर बसली की पेनचं टोपण काढायची, लावायची, परत काढायची.

उपक्रमात प्रत्येक जोडीला एक प्रार्थना-वही करायची होती. दर आठवड्याला धाकट्याने त्यात आपल्या शब्दांत एक प्रार्थना लिहायची आणि थोरल्याने फक्त सोबत बसायचं. वर्षाअखेर सगळ्यात सुंदर वहीला बक्षीस.

जुलैपर्यंत आमची वही कोरी होती. शेजारच्या जोड्यांच्या वह्यांवर रंगीत किनारी, स्टिकर्स, सुबक अक्षर. मला लाज वाटायला लागली. तिच्याबद्दल नाही हं, स्वतःबद्दल. सगळे काय म्हणतील, हिला एक मुलगी सांभाळता येत नाही? मग मी वही घरी नेली आणि लिहायला लागले. अक्षर थोडं वाकडं काढायचे, म्हणजे पाचवीतलं वाटेल. जगातल्या शांतीसाठी प्रार्थना, परीक्षेसाठी प्रार्थना, आपल्या शिक्षकांसाठी प्रार्थना. शनिवारी ती टोपणाशी खेळत बसायची आणि मी किनारी रंगवायचे.

मार्चमध्ये आमच्या वहीला बक्षीस मिळालं. दोघींना स्टेजवर बोलावलं. टाळ्या वाजल्या. खाली उतरताना जिन्यात ती मला हळूच म्हणाली, “ताई, ह्यात माझी प्रार्थना नाहीये.”

मी विचारलं, “कुठली?”

“आईची. आई गावालाच असते ना. तिला इकडे आण, अशी.”

पूर्ण वर्षभर, दर शनिवारी मी तिच्या शेजारी बसत होते. तिची आई तिच्यासोबत राहत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारलं असतं तर तिने लिहिलं असतं. पण मग अक्षर वाकडं आलं असतं आणि बक्षीस गेलं असतं.

ही गोष्ट बाजूला ठेवून आता बायबल उघडा. शास्त्रभाग आधी सावकाश वाचा, मग पुढे या.

१. एलीची झोपमोड होते, पण तो चिडत नाही

शिलो इथल्या मंदिरात रात्रीची वेळ आहे. एली म्हातारा झालाय, डोळ्यांना नीट दिसत नाही. शमुवेल त्याच्या हाताखाली सेवा करणारा मुलगा. हाक ऐकू येते आणि तो धावत एलीकडे जातो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रात्री तीनदा उठवलं की आपण कसे बोलतो ते आठवा, विशेषतः दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडायची असेल तेव्हा. एली ओरडत नाही. दुसऱ्या वेळी तर तो त्याला आपला मुलगा म्हणून संबोधतो (वचन ६).

आणि शमुवेल त्याच्याकडेच का धावला? त्याची आई हन्ना रामा इथे होती. वर्षातून एकदा ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून आणायची (२:१९). बाकीचं वर्षभर अंधारात हाक ऐकू आली तर धावत जायला या मुलाकडे एलीच होता. तुमच्याकडे सोपवलेल्या लेकराला अंधारात धावत जायला कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

२. एलीला पहिल्या दोन वेळा काहीच कळत नाही

“मलाच बायबल धड येत नाही” म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी, हा मुद्दा तुझ्यासाठी. एली मुख्य जागी बसलेला याजक. उभं आयुष्य मंदिरात गेलेलं. तरी देव हाक मारतोय हे त्याच्या लक्षात यायला तिसरी वेळ उजाडावी लागली. त्याच्या स्वतःच्या घरात तर गोंधळच होता. हफनी आणि फिनहास या त्याच्या मुलांबद्दल दुसऱ्या अध्यायात वाचा. बायबल हे झाकून ठेवत नाही.

म्हणजे लहानाला देवाकडे वळवायला आधी सगळं आलं पाहिजे, असं काही नाही. पण चुकलो हे लक्षात आलं की दिशा बदलता आली पाहिजे. एलीने दोनदा चुकीचं निदान केलं आणि तिसऱ्यांदा ते सुधारलं. आपण म्हटलं तेच खरं, असा हट्ट तो धरून बसला नाही.

३. एली त्याला परत पाठवतो

माझ्या मते सगळ्या अध्यायाचं वळण इथे आहे. एलीच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे. आता तो काय काय करू शकला असता? “थांब, मीच येतो, तुला काय कळणार!” असं म्हणू शकला असता. शमुवेलाच्या जागी स्वतः जाऊन झोपू शकला असता. उत्तर स्वतः देऊ शकला असता. तो यातलं काही करत नाही. बोलायला एक छोटंसं वाक्य देतो आणि त्याला त्याच्या जागेवर एकट्याला परत पाठवतो. स्वतः मागे थांबतो.

आता एक बारीक गोष्ट पाहा. नवव्या वचनात एली जे वाक्य शिकवतो त्यात परमेश्वराचं नाव घ्यायला सांगतो. दहाव्या वचनात शमुवेल प्रत्यक्ष उत्तर देतो तेव्हा ते नाव त्यातून गळलेलं आहे. घाबरला असेल, विसरला असेल, किंवा एवढ्या मोठ्या नावाला त्याची जीभ वळली नसेल. शिकवलेलं वाक्य त्याने जसंच्या तसं म्हटलं नाही. तरी देव त्याच्याशी बोलला. “आधी नीट पाठ करून ये” असं देव म्हणाला नाही.

माझ्या त्या वहीतली प्रत्येक प्रार्थना व्याकरणाने शुद्ध होती. पण देवाने जिला हाक मारली होती तिने उत्तरच दिलेलं नव्हतं. तिच्या जागेवर मीच झोपले होते.

४. सकाळी एली ऐकून घेतो

हा भाग संडे स्कूलमध्ये आपण बहुतेक वेळा गाळतो. फ्लॅनेल बोर्डवर छोटा शमुवेल हात जोडून बसलेला असतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण देवाने त्याला दिलेला पहिला संदेश एलीच्या घराविरुद्धच होता. सकाळी मुलगा मंदिराची दारं उघडतो आणि सांगायला घाबरतो. एली त्याला जवळ बोलावतो आणि काहीही लपवू नकोस म्हणून आग्रहाने विचारतो. सगळं ऐकल्यावर तो मुलाला गप्प करत नाही. देव प्रभू आहे, त्याला योग्य वाटेल ते तो करो, अशा अर्थाचं बोलून मान्य करतो.

धाकटं माणूस कधीकधी थोरल्याविरुद्धचं खरं घेऊन येतं. जिन्यात उभं राहून हळूच सांगतं. त्या क्षणी आपण काय करतो, यावर आपण ताई-दादा आहोत की नुसते मॉनिटर, हे ठरतं.

मी त्या दिवशी एलीसारखी वागले नाही. “बरं, बघू” म्हणून बक्षीस घेऊन घरी गेले. दोन रात्री झोप लागली नाही. सोमवारी उपक्रमाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या फार काही बोलल्या नाहीत. बक्षीस परत घेतलं आणि जूनमध्ये माझ्या हातात एक कोरी वही ठेवली. म्हणाल्या, “दहावीचं वर्ष आहे, तुला सक्ती नाही. पण बसलीस तर पेन तिच्या हातात.”

मी बसले. दर आठवड्याला दोन ओळी व्हायच्या, मराठीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या असंख्य चुका असलेल्या. पहिल्या पानावर आईच. दिवाळीला तिची आई चार दिवस आली आणि परत गेली. त्या प्रार्थनेचं उत्तर मला समजेल अशा रीतीने आलं नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. पण ती लिहीत राहिली. आणि मी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा गप्प राहायला शिकले.

केडगावच्या ताया

थोरल्यांनी धाकट्यांना हात द्यायचा, ही कल्पना कुठल्या लीडरशिप सेमिनारमधून आलेली नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत थोडी मोठी मुलं लहानांचा हात धरून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ एग्मोरला अँड्र्यू बेल नावाचे पाळक सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होते. एका देशी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणायचं ठरवलं. मास्तर तयार होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडेच तो वर्ग सोपवला. बेल यांनी १७९७ मध्ये लंडनला यावर पुस्तक छापलं आणि ही पद्धत दूरवर पसरली. पुढे मात्र एका मास्तरावर शेकडो मुलं भागवायची स्वस्त युक्ती म्हणून ती वापरली गेली आणि नुसती घोकंपट्टी उरली, अशी टीका झाली. रीत तीच होती. माणसाकडे बघणं संपलं, की तिचा आत्मा जातो.

तो आत्मा कसा असतो हे पाहायचं तर आपल्या पंडिता रमाबाईंकडे बघा. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल चार कड्यांची साखळी सांगतो: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि त्यांच्याकडून शिकणारे पुढचे. रमाबाईंच्या आयुष्यात अशी साखळी त्या ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. रमाबाई आठेक वर्षांच्या झाल्यावर त्याच आईने त्यांना शिकवायला घेतलं. पुढे दुष्काळात थोड्याच अवधीत आई, वडील आणि बहीण गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीपोटी मैलोन् मैल पायी फिरले.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक काय असते हे ज्यांना स्वतः माहीत होतं, त्या रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. म्हणून दौंडजवळ केडगावला त्यांनी घेतलेल्या जमिनीवर या सगळ्यांची सोय करावी लागली. हेच पुढे मुक्ती सदन झालं. १९०० च्या सुमारास तिथे १५०० च्या आसपास जणी होत्या.

इतक्या जणींना कोण सांभाळणार? आधी आलेल्या, आधी शिकलेल्या मुली नव्यांच्या शिक्षिका झाल्या, त्यांची देखरेख करू लागल्या. विचार करा, या थोरल्या मुली कोण होत्या? त्यांतल्या कितीतरी स्वतः लहान वयात विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या. काही वर्षांपूर्वी त्यांनाही अक्षरओळख नव्हती. नव्या मुलीपेक्षा त्या फार पुढे नव्हत्या, चार पावलं पुढे होत्या. पण चार पावलं मागे असणाऱ्याला हात तिथूनच पोचतो.

आणि रमाबाईंना या मुलींनी आपल्या शब्दांवर विसंबून राहायला नको होतं. साध्या बाईला स्वतः वाचून समजावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. त्याची छपाई मुक्तीतल्या बायांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडंच आधी भाषांतराचं काम पुरं झालं होतं. एवढी मोठी पंडिता, जिचं बोलणं ऐकायला सभा भरायच्या, तिने शेवटची वर्षं यासाठी घालवली की इतरांना तिच्याशिवाय वाचता यावं. एलीने परत पाठवलं ते हेच.

या जूनमध्ये ताई-दादा होणार असाल तर

पहिल्या शनिवारी शिकवू नका, विचारा. घरी कोण कोण असतं, शाळेत कसा येतोस, डबा कोणासोबत खातेस. उत्तर लगेच येणार नाही. पेनचं टोपण उघडेल, बंद होईल. थांबा.

धाकट्याचं काम स्वतः करू नका. गणित अडलं तर एक पायरी दाखवा आणि वही परत सरकवा. प्रार्थना त्याच्या भाषेत होऊ द्या. “देवा, माझी सायकल हरवली” ही पूर्ण प्रार्थना आहे.

चुकलात तर त्याच्यासमोर “सॉरी, माझं चुकलं” म्हणा. थोरल्याला माफी मागता येते, हे त्याला बायबलच्या अनेक धड्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

“कुणाला सांगणार नाही” असं वचन कधी देऊ नका. कुणी मारतंय, चुकीचा स्पर्श करतंय, घरी सुरक्षित वाटत नाही, असं काही धाकट्याने सांगितलं तर ते चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्यावर पेलायचं ओझं नाही. “तू मला सांगितलंस ते बरं केलंस, आपण मिळून बाईंना सांगू” म्हणा आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही माहीत असू द्या. शमुवेलाने लपवावं असं एलीला वाटलं नाही, तुम्हीही लपवू नका.

आणि फोटो, स्टेटस, रील थोडं बाजूला ठेवा. तो तास धाकट्याचा आहे. माझ्या वहीच्या रंगीत किनारींचं आजचं रूप म्हणजे ते स्टेटसच.

मननासाठी प्रश्न

१. माझ्यासाठी एली कोण होता किंवा होती? त्या व्यक्तीचे आभार मी कधी मानले का?

२. कुणाच्या जागेवर मी स्वतः जाऊन झोपलोय? कुणाची प्रार्थना, कुणाचा निर्णय मी त्याच्या वतीने लिहितोय?

३. माझ्याहून लहान असलेल्या कुणी मला खरं सांगितलं आणि मी “बरं, बघू” म्हणून विषय टाळला?

प्रार्थना

हे प्रभू, लहान लेकरांना जवळ घेणाऱ्या येशू, तू आमच्याकडे कुणालातरी सोपवतोस, यातच तुझा आमच्यावरचा विश्वास दिसतो. आम्हाला झोपमोड सोसायची शक्ती दे. बोलण्याआधी विचारायला शिकव. तुझी आणि त्या लेकराची भेट चालू असताना मधे उभं राहायचा मोह आमच्यातून काढून टाक. ज्यांची आई लांब आहे, ज्यांच्या प्रार्थनेचं उत्तर अजून दिसत नाही, त्यांच्याजवळ तू आज रात्री राहा. येशूच्या नावाने मागते, आमेन.

चहाच्या टेबलापाशी भेटलेल्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक आठवडा लागला. तिला काय शिकवू, असं तू विचारलं होतंस. तिचं नाव विचार, तिच्या घरी कोण कोण असतं ते विचार, आणि पेन तिच्या हातात दे. येत्या रविवारी भेटू तेव्हा तिच्याबद्दल मला सांग.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.